ओठांवरचा गहू

लिपस्टिकच्या काउंटरवर उभं राहून तिची बरीच वर्षं गेली होती. दुकान चार मजली. आत शिरलं की सुगंधांचा भपकारा यायचा आणि समोरच तिचं काउंटर दिसायचं. बाईचा चेहरा बघून तिला कोणती छटा खुलेल हे ती सांगायची, आणि ते सहसा चुकायचं नाही. दोन-चार गिऱ्हाइकं तर ती सुट्टीवर असली की काही न घेताच परत जायची.

दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि दुसऱ्यांदा सगळं वाहून गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोलात जाऊन तपासण्या केल्या. निघाला सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसतच नव्हतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

"गहू कायमचा बंद. कणभरसुद्धा नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातले आकडे खाली येऊ देत. मग मुलाचा विचार करा."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताने काम करणारा माणूस. त्याने त्याच आठवड्यात स्वयंपाकघर उपसलं. पिठाचे डबे गेले, चाळणी गेली, टोस्टर शेजाऱ्यांना देऊन टाकला. स्वतः घरात पाव खाणं सोडलं. "आता या घरात गव्हाळ रंगालासुद्धा मज्जाव," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी ती खळखळून हसली.

पण आकडे काही खाली येईनात. वजन उतरत गेलं, केस हातात यायला लागले, संध्याकाळी उभं राहवेना. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही काहीतरी खाताय. काय खाताय?"

"काही नाही हो. खरंच काही नाही."

"मग हे रिपोर्ट खोटं बोलतायत का?"

नवरा शेजारीच बसला होता. घरी परतताना तो जिन्यात थांबून म्हणाला, "एक विचारू? दुकानात कुणाकुणाचे वाढदिवस असतात. एखादा तुकडा खाल्ला असशील तर सांग. मी ओरडणार नाही."

"नाही खाल्ला."

"बरं," तो म्हणाला. पण ते 'बरं' तिच्या जिवाला लागलं.

पुढच्या रविवारी ती अंघोळ करून बाहेर आली, तर तिची बॅग पलंगावर उपडी केलेली. कंगवा, रुमाल, किल्ल्या, औषधाची पट्टी, सगळं पसरलेलं. तो तिचा जेवणाचा डबा उघडून वास घेत होता.

"मी फक्त बघत होतो," तो म्हणाला. "मूल आपल्या दोघांचं असणार ना, म्हणून."

तिने आरडाओरडा केला नाही. ओल्या केसांनी एकेक वस्तू परत बॅगेत भरली. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर बसून जेवायला लागली. ताट त्याला दिसेल असं ठेवायची. त्याने तसं कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. या बाईंनी काय खाता हे विचारायच्या आधी विचारलं, "काम काय करता?"

तिने सांगितलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या हाताला क्रीम चोळून दाखवायचं. काउंटर ज्या कंपनीचं, तिचीच लिपस्टिक लावायची, पुसली गेली की परत लावायची, तो नियमच होता.

"जेवायच्या आधी हात धुता?"

"ओल्या कागदाने पुसते. सुट्टी एवढीशी असते, नळावर रांग."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "क्रीम-लिपस्टिकमध्येही कधीकधी गहू असतो. कातडीतून ग्लूटेन आत जात नाही. पण ओठांवरचं पोटात जातं, आणि हातावरचं घासाबरोबर. तेवढ्यानेच झालं असेल असं छातीठोकपणे नाही सांगत. पण बघा."

दुसऱ्या दिवशी तिने काउंटरवर उभं राहून वेष्टणं वाचली. क्रीममध्ये गव्हाची प्रथिनं. लिपस्टिकमध्ये गव्हाच्या अंकुराचं तेल. तिला हसावं की रडावं कळेना. 'यातल्या अंकुरतेलाने ओठ मऊ राहतात' हे वाक्य ती स्वतःच दिवसभर घोकत होती, फक्त अंकुर कशाचा हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे तू खरंच..."

"खरंच खात नव्हते."

"चुकलं माझं," तो पटकन म्हणाला, आणि उठून तिच्या साबणाची बाटली उजेडात धरून वाचायला लागला.

मग त्याने शोधाचा ध्यास घेतला. सुट्टीच्या दिवशी दोघं दुकानं पालथी घालायची. टूथपेस्ट, शाम्पू, ओठांचं मलम. विचारलं की दुकानदार एकमेकांकडे बघायचे. एकजण तर म्हणाला, "ताई, लिपस्टिक लावायची असते, खायची नसते!" नवरा त्याच्या अंगावरच धावून गेला असता, पण तिने दंड धरून मागे ओढलं. कंपन्यांना फोन केले. 'आम्ही मुद्दाम गहू घालत नाही, पण खात्री देता येणार नाही,' एवढंच गोड आवाजात उत्तर. टूथपेस्ट मिळाली, साबण मिळाला. खात्रीची लिपस्टिक मिळाली ती परदेशी कंपनीची, एकाच फिकट छटेची.

ती लावून ती कामावर गेली. मजल्याच्या प्रमुख मॅडमनी बाजूला घेतलं. "आपल्या काउंटरवर दुसऱ्या कंपनीची?"

"मग न लावता उभी राहते."

"कोऱ्या ओठांनी लिपस्टिक विकणार? कोण घेईल?" मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिची नोकरी वाचवली, म्हणजे तळघरातल्या साठ्याच्या खोलीत पाठवलं. तिथे खोकी मोजायची, हातमोजे घालायचे. दिवसभर कुणाचा चेहरा दिसायचा नाही.

हळूहळू आकडे उतरले. वर्ष सरता सरता डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून चक्क हसल्या. "आता हरकत नाही. करा विचार."

बाहेर येताच नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. "ऐकलंस ना? आता काही अडचण नाही."

ती चालत राहिली. बसथांब्याशी आल्यावर म्हणाली, "बाळ झालं आणि आजारी पडलं, तर आधी काय करशील? माझी बॅग उघडशील?"

"अगं, ते झालं की आता. मी माफी मागितली ना?"

"मागितलीस."

"मग अजून काय करू?"

त्याचा चेहरा पडला होता, आणि तो माणूस वाईट नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तर अवघड होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"थोडे दिवस जाऊ देत," ती म्हणाली.

"किती?"

बस आली. तिने हात सोडवून घेतला आणि पुढे होऊन चढली. तो मागून चढला, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी असूनही बसू का, असं त्याने विचारलं.