अकरा वेळा मोजलेला चंबू

जिन्याची खालून सातवी पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा नऊ मिलिमीटर उंच होती. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने पट्टी लावून पाहिली होती. नऊ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पण नवा माणूस तिथे हमखास अडखळायचा आणि जुन्याचा पाय तिथे आपोआप जरा वर उचलला जायचा. सहा वर्षं झाली होती आता. ऑफिसच्या जिन्यातही सातव्या पायरीला तिचा पाय उगाच उंच पडायचा, आणि मागून येणारे लोक तिच्याकडे बघायचे.

घरात तिला मोजणीबाई म्हणत. ती प्रयोगशाळेत काम करायची. तिथे बाहेरून आलेली वजनं आणि मापं तपासून, बरोबर असतील तरच त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे तिचं काम. त्यातही काचेची मापं तिच्या टेबलावर. एक लिटर लिहिलेल्या चंबूत खरोखर एक लिटर मावतं का, हे ती वीस वर्षं बघत आली होती, आणि तिच्या शिक्क्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

घर तीन मजली. मोजणीबाई दुसऱ्या मजल्यावर, मालकीण पहिल्या मजल्यावर. ती शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. भाडेकरूंचं भांडण रंगात आलं की ती शिट्टी फुंकायची आणि ज्याची चूक त्याला कोपऱ्यात उभं करायची. सगळे तिला शिट्टीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. माळ्यावर आजोबा. त्यांनी चाळीस वर्षं नाटकात पडद्याआडून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली होती. आता घरात कुणी बोलताना क्षणभर थांबलं की आजोबा हलक्या आवाजात पुढचा शब्द सुचवायचे. बहुतेक वेळा बरोबर. म्हणून तर लोक जास्त चिडायचे.

आणि तळमजल्यावर, मागच्या अंगणाच्या बाजूला, फुंकर. तो काच फुंकायचा. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या, मोजपात्रं. पुढच्या खोलीत त्याची आई राहायची. तिला ऐकू कमी यायचं आणि बोलायला जास्त यायचं.

फुंकरने तिला चार वर्षांपूर्वी विचारलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात ती भांडी घासत होती, तो पुसत होता. एक बशी उजेडात धरून तो म्हणाला, "तुम्ही आणि मी लग्न केलं तर कसं होईल?" जसं काही बशीलाच विचारत होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली होती.

घोडं कुठे अडलंय ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेचा नियम होता: नात्यातल्या माणसाचं काम आपण तपासायचं नाही. फुंकरचे चंबू दर महिन्याला तिच्या टेबलावर यायचे. कापडात गुंडाळलेले, थंडगार, स्वच्छ. त्यांची मान धरून ते उजेडात फिरवताना तिला वाटायचं, हा माणूस खोटं बोलूच शकत नाही. लग्न झालं तर माणूस मिळेल, पण त्याची काच दुसऱ्याच्या टेबलावर जाईल. शिवाय लोक म्हणतील, आधीचे शिक्केही असेच मारले असतील. त्याला ते लागलं असतं. तिला तर लागलं असतंच. मग ती विचार करत राहिली. तोही पुन्हा विचारायला आला नाही. रोज भांडी मात्र पुसायचा.

त्या वर्षी प्रयोगशाळेने स्वतःसाठी एक मानक चंबू निवडायचं ठरवलं. मानक म्हणजे ज्याच्याशी ताडून पुढे बाकीच्या सगळ्या चंबूंची परीक्षा व्हायची. आठ कारागिरांनी एकेक चंबू पाठवला. पक्षपात नको म्हणून साहेबांनी नावं काढून घेतली आणि प्रत्येकावर फक्त आकडा चिकटवला. एक ते आठ.

पाच नंबर तिने कापड पुरतं उलगडायच्या आधीच ओळखला. जिथे मान पोटाला मिळते तिथे बाकीच्यांच्या काचेत बारीक वळी दिसते. याच्यात नव्हती. खांदा असा उतरला होता, जणू काच स्वतःहूनच तिथे येऊन थांबली असावी.

तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. 'हा मी ओळखला, दुसऱ्या कुणाला द्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग साहेब विचारणार, कसा ओळखलात? आणि तिने स्वतःलाच सांगितलं, ओळखला तर काय झालं, मी काही सूट देणार नाही. उलट दुप्पट कडक तपासीन.

आणि तसंच केलं. बाकीचे सात चंबू तिने प्रत्येकी तीन वेळा मोजले. रिकामा तोलायचा, मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, पुन्हा तोलायचा, आणि मग अर्धा तास निवू द्यायचा. पाच नंबरचे पहिले तीन आकडे इतके छान आले की तिलाच धास्ती वाटली. आपला डोळा त्याच्या बाजूने तर वाचत नाही ना? म्हणून चौथ्यांदा मोजला. मग पाचव्यांदा. पाण्याची कड रेघेला नीट टेकली की नाही हे बघायला दोन्ही हातांत धरून डोळ्यांशी नेला. मध्ये अर्धा तास थांबायचा धीर राहिला नाही. अकरा वेळा मोजून तिने सरासरी काढली. एक दशांश मिलिलीटरपर्यंत कमीजास्त चालणार होतं. पाच नंबर तेरा शतांशांनी कमी भरला.

नापास.

गुरुवारी नावं उघडली. शनिवारी संध्याकाळी, नेहमीप्रमाणे, सगळे स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती सूप आणि पाव घेऊन बसले तेव्हा बातमी आधीच जिन्यावरून वर गेली होती.

"नापास केलंस म्हणे माझ्या मुलाला!" आईने चमचा रोखला. "पहिलीत नापास झाला नव्हता तो!"

"आई, चंबू नापास झालाय, मी नाही," फुंकर म्हणाला.

"एकच ते! अगं, सहा वर्षं याच्या हातचा चहा पितेस. निदान चहाची तरी—"

"लाज," आजोबांनी हळूच पुरवलं.

"आठवण म्हणणार होते मी! तुम्ही मध्ये पडू नका हो!"

शिट्टीबाईने शिट्टी फुंकली. सुपाच्या वाट्या हादरल्या. "चहा आणि चंबू वेगळे ठेवा. पंचाला शिव्या द्यायच्या नाहीत. माझ्या घरात नाही." मग मोजणीबाईकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "पण खरं सांगू का, मलाही वाईट वाटलं बाई."

मोजणीबाईने पावाचा तुकडा मोडला आणि तो तसाच बशीत ठेवला. तिला वाटलं होतं की तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो मात्र आईला समजावत होता, मोठ्याने, तिच्या कानाशी वाकून. "आई, ऐक. शहरातल्या सगळ्या प्रयोगशाळा माझ्याकडून माल का घेतात ठाऊक आहे? ह्यांच्या टेबलावरून सुटलेला म्हणून. ह्यांनी मला एकदा जरी उगाच पास केलं ना, तर माझे आधीचे सगळे चंबू पाण्यात गेले. ह्यांनी नापास म्हटलं म्हणजे नापास. मला अभिमान आहे या टेबलाचा."

"तू आणि तुझा अभिमान. वाळत घाल दोरीवर!" आई म्हणाली, पण चमचा खाली ठेवला.

मग तो मोजणीबाईकडे वळला. कारागीर कारागिराला विचारतो तसं त्याने विचारलं, "कुठे कमी पडला? खाली की मानेत? म्हणजे पुढच्या वेळी मला कळेल."

"तेरा शतांश कमी. सरासरी."

"किती वेळा मोजून?"

तिने सांगितलं, "अकरा."

"अकरा!" शिट्टीबाई म्हणाली. "आणि बाकीच्यांना?"

"तीन."

फुंकरने भुवई उंचावली.  मग त्याने फक्त एवढंच विचारलं, "चंबू मानेऐवजी त्याच्या पोटाला धरला होतात का? तळहातांनी?"

तिला तिचे आकडे पाठ होते. ते तिने मनातल्या मनात ओळीने मांडले. दोन शतांश कमी, तीन, दोन. मग सहा, नऊ, बारा. पंधरा, अठरा, एकवीस, चोवीस. शेवटचा सत्तावीस. आकडे वरखाली होत नव्हते. एका बाजूला चालत गेले होते, पायऱ्या उतरल्यासारखे. आणि तिने त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. थेट बेरीज केली होती.

चंबू काही दुपारभरात आकसत नाही. आकसत नसतो. तिच्या हातांच्या उबेने काच तापली होती आणि काचेने पाणी. लिटरभर पाणी एका अंशाने तापलं की साधारण दोन दशांश मिलिलीटर फुगतं, मग रेघेपर्यंत कमी पाणी मावतं आणि वजन कमी भरतं. हे तिने स्वतः नव्या लोकांना शिकवलं होतं, हात पाठीमागे बांधायला लावून.

"मी जरा वर जाते," ती म्हणाली.

"सूप?" शिट्टीबाईने विचारलं.

"निवू दे."

रविवार तिने खोलीत काढला. चार वर्षं तिला एकाच गोष्टीची भीती होती, आपला हात त्याच्या बाजूने झुकेल याची. हात झुकला, पण उलट्या बाजूला. फार प्रामाणिक व्हायला गेली आणि खोटं मोजून बसली. त्याची काच तिच्या हातात थंड राहूच शकत नव्हती. आणि हे तिचं तिलाही कळलं नव्हतं, काचेला मात्र अकरा वेळा कळलं होतं.

सोमवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. वही उघडून ठेवली.

"निकाल चुकलाय. चूक माझी आहे. पाच नंबर मी आधीच ओळखला होता, तो अकरा वेळा हाताळला, मध्ये निवू दिला नाही. तापमान एकदाच नोंदलं. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आठही."

साहेबांनी चष्मा काढला. वीस वर्षांत या टेबलावरून चूक झाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. "लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि पुढे या कारागिराचं काम तुमच्याकडे नको असेल, तर त्याचा वेगळा कागद आहे. त्यात कारण लागतं. नातं काय तुमचं?"

"शेजारी."

"शेजाऱ्यासाठी नियम नाही हो. असा असता तर निम्मं खातं घरी बसलं असतं." त्यांनी कागद पुढे सरकवला. "नात्याचा रकाना कोरा ठेवू?"

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "दोन दिवस द्या," ती म्हणाली. "भरून आणते."

बाजूच्या टेबलावरच्या सहकारिणीने बुधवारपर्यंत आठही चंबू नव्याने तपासले. मानेला कापड गुंडाळून, दर वेळी तापमान बघून. मोजणीबाई त्या खोलीत गेलीच नाही. दुपारी सहकारीण दारात आली आणि म्हणाली, "पाच नंबर दोन शतांशांवर आहे. त्याच्या जवळपास दुसरा एकही नाही. कुणी फुंकलाय गं हा?"

मोजणीबाईने नाव सांगितलं. सांगताना तिची मान इतकी ताठ झाली की सहकारीण हसायलाच लागली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात चौघेही होते. आई बटाटे सोलत होती, आजोबा तिला न विचारता साली गोळा करत होते. शिट्टीबाई नळाखाली हात धुत होती. फुंकर बशा पुसत होता. शनिवार नव्हता, तरी ती टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका. आईंनी जरा जवळ या."

"माझा कान बरा आहे!" आई ओरडली आणि जवळ आली.

"चंबू पास झालाय. मी चुकीचा मोजला होता. माझ्या हातांनी तापला. आता तो आमच्या कपाटात पहिल्या खणात राहील, आणि इथून पुढे या शहरातला प्रत्येक लिटर त्याच्याशी ताडून बघितला जाईल."

 शिट्टीबाईने इतक्या जोरात शिट्टी फुंकली की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. आईने सोललेला बटाटा मुलाच्या दंडावर मारला आणि त्याच हाताने डोळे पुसले. "पहिलीतसुद्धा पहिलाच होता तो!" ती आजोबांना सांगू लागली. आजोबा पहिल्यांदाच गप्प होते.

फुंकर बशी पुसत तिच्याकडे बघत होता. "स्वतःची चूक स्वतः सांगितलीत?" त्याने विचारलं.

"मग काय तुम्ही सांगणार होतात?"

"मी नसती सांगितली."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगितली."

तो हसला. तिला दिसलं की त्याच्या हातातली बशी केव्हाच कोरडी झाली होती, तरी तो पुसतच होता.

तिने पर्समधून कागद काढला, घडी उलगडून तो टेबलावर सपाट केला. सगळे वाकले. फुंकर मात्र जागचा हलला नाही. रकाने भरलेले होते, तिचं नाव, हुद्दा, तारीख. एक सोडून.

"माझा शिक्का आता तुमच्या काचेवर बसायचा नाही," ती त्याला म्हणाली. आवाज स्थिर होता, वजनकाट्याशी बोलताना असायचा तसा. "कारण मला तुमची काच सरळ मोजता येत नाही. चार वर्षं विचार केला, आणि उत्तर हे आहे. उद्या मी या रकान्यात 'होणारा नवरा' असं लिहून देणार आहे. मी तुमच्याशी लग्न करतेय."