मोकळं राहिलेलं नाव

"घट्ट तर नाही ना व्हायचे?" बोलेट्टेने तिसऱ्यांदा विचारले.

सीलच्या कातड्याचे ते दोन्ही बूट माझ्या एका तळहातावर मावत होते. आत सशाचे पांढरे केस, वरच्या काठाला लाल पट्टी. सबंध उन्हाळाभर, खोल्या झाडून झाल्या की ती आमच्या बिछान्यावर बसून हेच शिवत असे.

"पाच आठवड्यांचं पोर आहे ते. कुत्री हाकायला नाही निघालेलं," मी म्हणाले. "घाल पिशवीत आणि आवर. टोर्बेननं बघितलं तर म्हणेल, पाहुण्यांच्या चादरी तशाच पडल्यात नि या दोघी गप्पा मारतायत."

बोलेट्टे हसली. ती हसली की मला बरे वाटण्याऐवजी धास्तीच वाटायची, कारण हसण्याची तिला सवय राहिलेली नव्हती.

आम्ही दोघी एकाच जहाजावर. साठ पाहुणे घेऊन ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या खाड्यांमधून आणि हिमनद्यांच्या तोंडाशी फिरायचे. मी स्वयंपाकघरात, ती खोल्यांवर. पाहुणे डेकवर उभे राहून बर्फाचा कडा कोसळायची वाट बघत, आणि कोसळला की टाळ्या वाजवत. बोलेट्टे त्या वेळी त्यांची न्हाणीघरे पुसत असे. गेल्या तीन उन्हाळ्यांत इन्नासुकला जहाज थांबले, पण ती खाली उतरली नाही. ते तिचेच गाव असून.

तिचा मुलगा एनोक वीस वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, भूशिराला वळसा घालायचा कंटाळा करून त्याने कुत्र्यांची गाडी सरळ समुद्राच्या प्रवाहावरच्या पातळ बर्फावर घातली. म्हाताऱ्यांनी नको म्हणून सांगितले होते. गाडीवर मागे मलाकियास बसला होता, डॉर्टेचा एकुलता एक मुलगा. चार कुत्री तेवढी ओली होऊन परत आली.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे नाव मोकळे होते. पुढे जन्मलेल्या बाळाला ते दिले की गेलेला परत आला, असे आम्ही धरतो. मग त्याची आई त्या बाळाला खुशाल 'माझा मुलगा' म्हणते, त्याच्या वाढदिवसाला हक्काने जाते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. सत्तर माणसांच्या इन्नासुकमध्ये चार वर्षांत तीन मलाकियास झाले होते. एनोक एकही नाही. कोणी बोलेट्टेला दोष दिला नाही, शिवी दिली नाही. नुसते ते नाव कोणी घेतले नाही. म्हणून ती गाव सोडून जहाजावर आली.

आणि एप्रिलमध्ये तिच्या भावाच्या मुलीचा, आर्नाकचा, निरोप आला होता. "आत्या, मुलगा झाला तर एनोकच ठेवणार."

गेले दहा दिवस आम्ही उत्तरेच्या हिमनद्यांपाशी होतो. तिथे फोन म्हणजे नुसता हातातला दगड. मुलगा झाला एवढे त्याआधीच कळले होते. बाप्तिस्मा आदल्या रविवारी होऊन गेला होता.

टोर्बेनने स्वयंपाकघराच्या दारातून डोके आत घातले. हा डॅनिश माणूस पाहुण्यांचा मुख्य वाटाड्या. आमच्यावर मनापासून प्रेम करतो, त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येत नाही.

"बर्फ सरकला! दहा वाजता किनाऱ्यावर. बोलेट्टे, तुला चार तास सुट्टी. तुझंच गाव!"

"रेगीने, तू चल ना," बोलेट्टे मला म्हणाली. "एकटीला पाय उचलायचा नाही."

गेले. मुख्य आचाऱ्याने तोंड वाकडे केले, पण गेले.

गावात पाहुण्यांसाठीची कॉफी आर्नाकच्या घरी होती. पाहुणे दहा-दहा जणांनी आत जायचे, केक खायचा, देवमाशाच्या कातडीचा एक तुकडा तोंडात घोळवत शेजारच्याकडे केविलवाणे बघायचे, आणि बाहेर यायचे. बोलेट्टे दारात बूट काढून माझ्या आधी आत शिरली. मी वाकून बूट काढत होते तेवढ्यात आर्नाकने ओसरीतच माझी बाही धरली.

"रेगीनेमावशी, आत्याला कळलं का?"

"काय?"

"रविवारी मलाकियास ठेवलं गं." तिचे डोळे भरले होते. "ह्यांचा चुलतभाऊच ना तो. घरातली सगळी एकीकडे. सासूबाई म्हणाल्या, डॉर्टेच्या तोंडासमोर एनोक म्हणून हाका कशा मारायच्या? मी एकटी कुठवर भांडू? फोन करत होते, लागतच नव्हता. आता तूच सांग ना तिला."

"मी सांगू? तू नि तुझा नवरा काय..."

पण तोवर आतून आवाज आला होता. आमच्या लोकांना सांगायची-विचारायची गरज वाटत नाही, तिथेच घोटाळा होतो. बोलेट्टेने कोणाला न विचारता बाळ उचलले होते आणि त्याच्या गालाला नाक लावून ती म्हणत होती, "एनोक. आलास रे माझ्या राजा. किती उशीर केलास."

पाहुण्यांना काय कळणार, ते केक खात होते. पण आमची माणसे, दहा-बाराजण तरी असतील, सगळी एकाच माणसाकडे बघत होती. खिडकीशी डॉर्टे बसली होती. चार वर्षांत ती बोलेट्टेशी एक शब्दही बोललेली नव्हती.

डॉर्टे उठली. मला वाटले, आता घराबाहेर चालती होईल, नाहीतर बाळ ओढून घेईल. तिने किटली उचलली, पेल्यात कॉफी ओतली आणि बोलेट्टेपुढे ठेवली.

"बस, बोलेट्टे," ती म्हणाली. "उभ्यानं दमशील. नाक तुझ्या घरचंच आहे हं त्याचं."

झाले. कोणी कोणाला खुणावले नाही, पण सगळ्यांनी ठरवल्यासारखे तेच धरले. एक म्हातारा म्हणाला, "एनोक रडका नाही हो." कोणी म्हणाले, "एनोकला भूक लागली वाटतं." बाळाच्या आजीनेही ते नाव घेतले, खाली मान घालून. बोलेट्टेने बाळाला बूट घातले. ते जरा सैलच होते. टोर्बेनने फोटो काढला. मी भिंतीशी उभी राहून केक खात होते. सांगायला हवे होते. पण ते तोंड बघून कोणाची जीभ उचलली असती? माझी नाही उचलली.

परतीच्या रबरी होडीत बोलेट्टे सारखी बोलत होती. पुढच्या उन्हाळ्यात चालायला लागेल. ती गावात परत जाईल, मासे कापायच्या शेडमध्ये काम बघेल. घराचे छप्पर दुरुस्त करेल. मी हो हो म्हणत होते.

रोज जेवणाआधी टोर्बेन पाहुण्यांना बैठकीच्या खोलीत दिवसभराचे फोटो पडद्यावर दाखवतो. त्या दिवशी बोलेट्टे हातातले टॉवेल तसेच घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. फोटो बघायचा होता तिला. मी खारी बिस्किटे वाटत होते. आधी बर्फाचे कडे झाले, मग एक अस्वल, लांबून ठिपक्याएवढे. आणि मग बाळ आले, भिंतभर, लाल पट्टीचे बूट घातलेले.

"आणि हा गावातला सगळ्यात नवा नागरिक!" टोर्बेन म्हणाला. "छोटा मलाकियास! मी चर्चमध्ये खास विचारून आलो. आणि गंमत म्हणजे, सत्तर वस्तीच्या गावातला हा चौथा मलाकियास. नावांचा तुटवडा दिसतोय!"

पाहुणे हसले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वळून बघितले. दारात कोणी नव्हते.

स्वयंपाकघरात ती माझ्या बाकावर बसली होती. टॉवेल मांडीवर. मी आत गेले तरी मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "दारातच कळलं. मला तोंड उघडायचा धीर झाला नाही, बोलेट्टे."

"तुला नाही बोलत मी." तिने मांडीवरचा एक टॉवेल उलगडला. "डॉर्टेनं कॉफी ओतली ना, तेव्हाच कळायला हवं होतं मला. ती रागावलेली होती तोवर मला आशा होती गं. वाटायचं, राग आहे, जाईल कधीतरी. आज बघितलंस ना कशी बोलली? राग गेलाय तिचा. सगळ्यांचाच गेलाय. आणि तरी नाही ठेवलं."

मी बटाटे पुढ्यात ओढले आणि सोलायला बसले. मग तिने एकदम विचारले, अगदी सहज, हवापाण्याचे विचारावे तसे.

"तुझ्या मुलीला कितवा महिना लागला?"

माझा हात थांबला. "सहावा."

"मुलगा आहे का कळलं?"

"मुलगाच आहे म्हणतात."

ती माझ्याकडे बघत होती. मागत नव्हती, नुसती बघत होती. बोलेट्टेने आयुष्यात कोणाकडे काही मागितलेले मी बघितले नाही. मी गावाला इतकी नावे ठेवली होती त्या दिवशी मनातल्या मनात. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते, 'आमच्याकडे एनोक ठेवू.' मुलगी माझी, तिने माझे ऐकले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे बर्फाखालचे काळे पाणी आले, आणि त्यात माझा नातू. मी पुढचा बटाटा उचलला.

"थंडीत बाळंतपण येईल," बोलेट्टे म्हणाली. "पाय गरम ठेवायला सांग तिला."

"सांगते."

ती उठली, टॉवेलांची घडी सरळ केली आणि खोल्या आवरायला वर गेली.