भांगातच उतरावे

नीलाला एक खोड होती आणि तिचा तिला तोराही भारी. छापील ओळीत वावगं दिसलं की बाईंचं पेन चाललंच! कोकणकिनारी या, ऊन खा, समुद्रात डुंबा, असं मुंबईकरांना आग्रहाने बोलावणारं ऐंशी वर्षांपूर्वीचं पुस्तक तिने नव्याने छापून आणलं होतं. मूळ प्रत घाटकोपरला तिच्याच मजल्यावर राहणाऱ्या वनमालाकाकूंची. ती परत करायला, सोबत नवी प्रत घेऊन, नीला रविवारी सकाळी काकूंकडे गेली.

काकूंनी थेट आपल्या गावाचं पान काढलं. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघितली.

"गो नीला, हयलो भांग खंय गेलो?"

"काढला मी," नीला हसली. "'भांगातच समुद्रस्नान करावे' म्हणे! लोकांना भांग पिऊन पाण्यात उतरायला सांगायचं? शिवाय व्याकरणही चुकलेलं. 'भांगेत' हवं ना?"

काकू हसल्या नाहीत. "पिऊची भांग न्हय गो बाये! अष्टमीच्या भरतीक आमी भांग म्हणतांव. तेवा पाणी गप आसता. पुनवेक उधाण. आमच्या खाडीच्या तोंडार उधाणात उतरलेल्या माणसाक पाणी खेचून नेता."

नीलाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आज पौर्णिमा होती. आणि तिची लेक गंधाली कालच मैत्रिणींबरोबर त्याच गावी गेली होती, पुस्तक घेऊन. 'उद्या सकाळी तुझ्या पुस्तकातल्या जागी पोहणार!' असा मेसेजही आला होता.

फोन लागेना. एकदा, दोनदा, सातदा. मेली ती हुशारी, काकूंना एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं!

आठव्यांदा लागला. "आई, आत्ताच वर आलो गं. पाणी जाम ओढत होतं ना, म्हणून."

नीलाला रडूच फुटलं.

"आणि ऐक ना, तुझं पुस्तक हिट आहे! इथे एक कुटुंब तेच पान बघून उतरलंय. पोरं पार पुढे..."

"बाहेर काढ त्यांना! धाव!"

"अगं, ते म्हणतील पुस्तकात तर लिहिलंय..."

"सांग, पुस्तक चुकलंय! सांग, माझ्या आईने चुकवलंय! ओरड, गंधाली!"

फोन चालूच राहिला. आधी नुसती धाप ऐकू आली, मग लाटांच्या वर चढलेला पोरीचा आवाज. "बाहेर या! पुस्तक चुकलंय! माझ्या आईने चुकवलंय!"