बाबांचा कोंबडा

कोयनेच्या भूकंपात आमचं गावचं घर पडलं तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते, आणि त्यांनी वाचवला काय, तर कोंबडा. आजी ढिगाऱ्याखाली गेली, सहा वर्षांची रत्नप्रभा आत्या अंगणात रडत उभी, आणि आमचे गुणाजीराव काखेत कोंबडा मारून!

पुढे निम्मी वाडी मुंबईला दिंडोशीत येऊन राहिली, पण ही गोष्ट काही मेली गावाला राहिली नाही. दर अकरा डिसेंबरला सोसायटीच्या हॉलमध्ये गेलेल्यांच्या फोटोंना हार घालतात, मग कोंबडी-वडे, आणि मग, "गुणाजी, कोंबडा केवढा होता रे?" बाबा हात पसरून दाखवतात. कोंबड्याचं वजन दरवर्षी वाढतं.

यंदा मंडळाचा प्रीतम सगळ्यांच्या आठवणींचा व्हिडिओ करणार होता. म्हणजे बाबांची टिंगल आता कायमची, नातवंडांच्या मोबाइलात. माझं डोकंच सटकलं. आत्याला म्हटलं, "तू होतीस ना तिथे? मग खरं काय ते माइकवर सांग. बस झाली ही चेष्टा."

आत्या उठली. "दादाने आधी मला काढलं," ती म्हणाली. "तेव्हा आई..."

बाबांनी तिच्या हातातला माइक हिसकावला. "अरे, तीन किलोचा होता! सोडतो की काय?" सगळे खो खो हसले. आत्या तशीच बाहेर गेली.

मी तिला जिन्यात गाठलं.

"आई जिवंत होती गं," ती म्हणाली. "एकाच वाशाखाली आम्ही दोघी. ती म्हणाली, आधी हिला काढ. दादा मला अंगणात ठेवून वळला आणि पुन्हा हादरलं. भिंतच बसली. लोक धावत आले, आई कुठाय विचारायला लागले. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पायाशी कोंबडा फिरत होता, तोच उचलून त्याने पुढे केला. मग त्याचीच गंमत झाली. आणि हसणारा माणूस पुढचं विचारत नाही, मनाली."

मला रडू आलं, आणि स्वतःची लाज वाटली. बाबांनी अठ्ठावन्न वर्षं झाकलेलं मी माइकवर मांडायला निघाले होते.

पंगतीत बाबा माझ्याकडे बघेनात. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, कोंबडा खरंच तीन किलोचा होता?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या पानातला एक वडा माझ्या पानात टाकला.

"साडेतीन," ते म्हणाले.