ओट्यावरची पाठमोरी बाई

चित्रातल्या वस्तूचा खरा अर्थ मी सांगितला की ती वस्तू चित्रातून निघून जाते. चुकीचा सांगितला तर ती राहते आणि दालन हातभर लहान होतं. म्हणून संग्रहालयात नोकरी लागली तेव्हाच मला बजावलेलं होतं : लोकांना चित्रकाराचं नाव आणि साल सांगायचं, बस्स.

मंगळवारी दुपारी कुसुमावती शिरगुप्पे आल्या. चित्रकार शिरगुप्पे वर्षापूर्वी वारले. या त्यांच्या पत्नी. यजमानांच्या शेवटच्या चित्रासमोर त्या थांबल्या. ओट्यावर बसलेली एक पाठमोरी बाई, शेजारी पिवळी छत्री, पितळी तांब्या, आणि लांबवर एक अर्धवट उघडं दार.

"ही कोण, ते ह्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

"अर्थ सांगायची परवानगी नाही."

"बाईचा नका सांगू. छत्रीचा सांगा. छत्रीनं काय बिघडतंय?"

मलाही काही बिघडेलसं वाटलं नाही. "पिवळा रंग त्यांनी जन्मात एकदाच वापरलाय," मी म्हणालो. "ज्या दिवसाबद्दल त्यांना बोलायचं नव्हतं, तो दिवस म्हणजे ही छत्री."

छत्री गेली. तिथं कोरा कॅनव्हास राहिला. तांब्या म्हणजे परत येईन असं दिलेलं वचन, तोही गेला.

"आणि दार?"

"दार म्हणजे तुम्ही. घरी वाट बघणाऱ्या."

दार गेलं. कुसुमावतीबाई बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. मला ते बघवेना.

"ही बाईसुद्धा तुम्हीच आहात," मी म्हणालो.

बाई तशीच बसून राहिली. डावीकडची भिंत हातभर पुढे आली आणि बाक करकरत सरकला.

"राहिली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता नावं मी सांगते. तुम्ही म्हणत जा. म्हणा, सुमन. माझी धाकटी बहीण."

मी म्हणालो. बाई राहिली, भिंत आली. मग समोरच्या घरातली शारदा, दवाखान्यातली नर्स, बालवाडीच्या बाई. दर नावाला वाटायचं, हीच असणार. नसली की उगीच हायसं वाटायचं. कशाबद्दल, ते कळत नव्हतं. खिडकी भिंतीत चेपली गेली. बाहेर जायचं दार कुठल्या नावाला नाहीसं झालं, लक्षात आलं नाही.

शेवटी आम्हा दोघांना उभं राहण्यापुरती जागा उरली. माझं नाक कॅनव्हासला टेकत होतं. बाईच्या अंबाड्यात तीन आकडे होते, त्यातला एक वाकडा.

"मला ठाऊक असलेल्या बायका संपल्या," कुसुमावतीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुमच्या आईचं नाव काय?"

"तिचा काय संबंध?"

"मला काय माहीत? पण जागा संपलीय, सर."

"अनसूया," मी म्हणालो.

भिंत हलली नाही. चित्रातल्या बाईनं पदर सावरला, आणि पाय ओट्याखाली सोडून ती चपला शोधू लागली.