गच्चीवर वाळलेले झेंडे

तिचा नवरा त्या भागातून लाल झेंड्यावर चार वेळा निवडून आला होता, पण गल्लीत त्याला नाव एकच: भोंगा. गिरणीचा भोंगा वाजला की माणसं आत जायची आणि हा बोलला की बाहेर यायची. असा गळा की फाटकाशी बोलावं आणि मागच्या खात्यातल्या विणकराने माग थांबवून ऐकावं. तुरुंगात गेला तेव्हा पहारेकरी म्हणे हात जोडून सांगायचे, कॉम्रेड, जरा हळू, साहेब झोपलेत.

आता त्याच गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी भोक पाडून नळी बसवली होती आणि उशाशी एक पाटी ठेवली होती. काही हवं असलं की भोंगा पाटीवर लिहायचा. पाणी. उशी. खिडकी.

ती खिडकीपाशी मशीनवर बसायची. चाळीस वर्षं पक्षाचे झेंडे तिनेच शिवले होते, सभेचे, मोर्च्याचे आणि मयताचे. मयताचा झेंडा पाच हात लांब, कडेला दुहेरी शिवण, म्हणजे खांद्यावरून जाताना वाऱ्याने उलटत नाही. कार्यालयात ती कुणाकडे जरा जास्त वेळ पाहायला लागली की म्हातारे कॉम्रेड हसून म्हणायचे, "वहिनी, माप घेऊ नका हो, अजून दोन निवडणुका आहेत!"

आता मशीनवर होता तो भोंग्याचा झेंडा. तोही पडल्या पडल्या बघत होता. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

न बोलण्याची तिला सवय होती. पूर्वी मशीन चालवताना ती गायची. पायाखाली मशीनचा पायटा आणि ओठाला ओवी. तिचा भाऊ, सगळ्यांचा धाकटा, त्याच गिरणीत विणकर होता. त्याला मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा करून तिने रचलं होतं:

बंधू माझ्या गं धोट्याला, जाण्यायेण्याची घाई
दोन काठांच्या मधोमध, त्याला घर कुठं नाही

धाकट्यानेच तिला अक्षरं शिकवली होती. शिवणाच्या खडूने कापडावर काढून दाखवायचा, आणि ती बोट ठेवून एकेक अक्षर सोडवायची.

मग तो संप आला. तारीख पाच जणांना ठाऊक होती आणि धाकटा त्यातला एक. संपाच्या आदल्या सकाळी मालकाने फाटकं बंद केली आणि बाहेरगावची माणसं मागांवर उभी केली. नऊ दिवसांत संप मोडला. तीनशे माणसं रस्त्यावर आली. कुणीतरी बातमी फोडली होती, आणि धाकटा आठवडाभर आधी गिरणीच्या कारकुनाच्या दारात दिसला होता. आईला गिरणीच्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी मागायला गेलो होतो, असं तो ओरडून सांगत राहिला. पण चिठ्ठी मिळालीच नव्हती, तर दाखवणार काय?

भोंगा तेव्हा सचिव होता; त्यानेच धाकट्याला पक्षातून काढलं. ठराव त्याच्याच हातचा: पक्षापासून गोष्ट दडवील तो सभासद नाही, आणि सभासद नाही त्याच्या देहावर झेंडा नाही, मग तो घरी शिवलेला का असेना.

सहा वर्षांनी धाकटा गेला. हमाली करून छाती फुटली होती. बहिणीने गुपचूप पाच हातांचा झेंडा शिवला आणि भावावर घातला. भोंगा आला, दारात उभा राहिला. त्याने झेंडा उचलला, चौघडी केली आणि बायकोच्या हातात दिला. तो झेंडा तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवला. त्याच्याबरोबर गाणंही ठेवलं. नवऱ्याला वाढलं, त्याच्या निवडणुकांचे झेंडे शिवले, तुरुंगात कपडे पोचवले. गायली मात्र नाही. त्याला सव्वीस वर्षं झाली.

त्या दुपारी आताचा सचिव आला. भोंग्यानेच हाताखाली वाढवलेला, चांगल्या मनाचा, पण पाऊल टाकताना आधी जमीन चाचपणारा माणूस. खुर्ची ओढून म्हणाला, "वहिनी, चहा नको. यांची काळजी करू नका, सगळं ठरलंय. गिरणीच्या फाटकावरून न्यायचं. एवढी गर्दी होईल की..."

"अहो भाऊजी," ती म्हणाली, "माणूस अजून ऐकतोय."

सचिव ओशाळला. भोंग्याच्या डोळ्यांत हसू चमकलं. त्याने पाटी ओढली, बराच वेळ लिहिलं आणि सचिवापुढे धरली.

सचिवाने वाचलं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि पाटी पुसली.

भोंग्याने पाटी परत घेतली आणि पुन्हा लिहिलं. सचिवाने पुन्हा पुसली.

"दादा, आता कशाला?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन महिन्यांवर निवडणूक. शिवाय हे कागदावर आलं तर तुमच्याच ठरावाने तुम्ही सभासद राहत नाही. झेंडा मिळणार नाही, दादा. चाळीस वर्षांचं हे असं मातीत घालायचं?"

भोंग्याने तिसऱ्यांदा खडू घेतला. खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने तो लिहीत राहिला. सचिवाचा रुमाल पुढे आला तशी ती मशीनवरून उठली.

"पुसायचं काम बायकांचं असतं, भाऊजी. आणा इकडे."

पाटी घेऊन ती खिडकीत गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. धा-क-टा नि-र्दो-ष. बातमी गच्चीवरच्या झेंड्यांनी फोडली. मला वर्षाने कळलं. मी दडवलं.

ती खाली बसली.

तिला ते ऊन आठवलं. संपासाठी तीन दिवसांत चाळीस झेंडे हवे होते. तिने मांजरपाट आणून घरीच रंगवला. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. तिने विचारलं होतं, मागच्या बोळात वाळत घालू का? आणि भोंगा घाईत म्हणाला होता, "बोळात कधी वाळणार? गच्चीवर घाल, ऊन तिकडेच आहे." गच्चीसमोर गिरणीच्या कचेरीची खिडकी होती. कापड वाऱ्यावर भरून आलं होतं आणि ती गात होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

भोंग्याने पाटीसाठी हात पुढे केला. ती दिली तर पुसावी लागली असती. तिने दिली नाही. सचिवच म्हणाला, "कारकुनाने. नोकरी संपल्यावर भेटला यांना. हसून म्हणाला, फितूर कशाला शोधता, तुमची गच्चीच बोलली. तेव्हा यांची पहिली निवडणूक तोंडावर होती. मला गेल्या वर्षी सांगितलं यांनी. आणि वहिनी, तुम्हालाही लागलं असतं ते. झेंडे तुमच्या हातचे."

"म्हणजे माझ्यासाठी गप्प बसले?"

भोंग्याने मान हलवली. आधी हो. मग थोड्या वेळाने, डोळे मिटून, नाही.

"धाकटा तेव्हा जिवंत होता," ती म्हणाली. "पाच वर्षं. समोरच्या गोदामात पोती वाहत होता."

नळीतून घरघर आली. तो रडत होता, की बोलू पाहत होता, हे तिला कळलं नाही. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. पाटी मशीनच्या झाकणाखाली ठेवली आणि कुलूप घातलं. सचिव गेला तेव्हा ती झेंड्याची उरलेली कड शिवत होती. दुहेरी शिवण. काम अर्धं टाकायचं तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा गेला.

गल्ली भरली. बंद गिरणीचे म्हातारे विणकर काठ्या टेकत आले. चार जणांनी झेंडा अंगावर घातला आणि मुठी वर गेल्या. घोषणा सुरू होणार तोच ती उंबऱ्यावर आली. हातात पाटी.

"थांबा जरा. यांना काही सांगायचंय."

सचिव पुढे झाला. "वहिनी, पाटी म्हणजे काही कागद नव्हे. सही नाही त्यावर."

"अक्षर तर ओळखता ना?"

तिने वाचलं. एकेक अक्षर सोडवत, लहान मुलीसारखं. वाचून झाल्यावर म्हणाली, "गच्चीवर घाला म्हणाले हे. घातले मी. माझ्या भावाने काही केलं नव्हतं."

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आता काय उपयोग?" धाकट्याच्या शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्या विणकराने टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड केलं. धाकट्याला फितूर ठरवून त्याच्या दारावर त्यानेच डांबर फासलं होतं.

ती देहापाशी गेली आणि झेंड्याची कड धरली. सचिव कुजबुजला, "असू द्या हो वहिनी. कोण विचारतंय आता?"

"नियम यांच्या हातचा आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाला लागला."

तिने झेंडा उचलला आणि चौघडी केली, त्याने केली होती तशीच, काठाला काठ लावून. खाली साधी पांढरी चादर होती. तिच्यात तो फार लहान दिसत होता. तिने चादर पायांपर्यंत नीट ओढली, आपल्या माणसाला थंडी वाजू नये तशी.

मयत उचललं. अर्धी माणसं मागे राहिली, अर्धी निघाली. घोषणा द्यायची की नाही हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून नुसत्या चपला वाजत होत्या. काखेत झेंडा आणि पाटी धरून ती मागून चालत होती. गिरणीच्या बंद फाटकापाशी तिच्या ओठांवर काहीतरी आलं. बंधू माझ्या गं धोट्याला, जाण्यायेण्याची घाई. हलक्या आवाजात तिने ती ओळ म्हटली. पुढची ओळ तिला आठवली, पण म्हणवली नाही.