हो लिहायला कुणी नव्हतं

आमच्या किल्लारीच्या शाळेत भूकंपाचा सेन्सर बसवलाय. साबणाच्या वडीएवढा. जमीन हलली की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि गच्चीवरचा भोंगा वाजतो. भोंगा कशाला, हे आमच्या गावात त्र्याण्णव सालानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

पण कॉम्प्युटर लिनक्सवाला, विंडोजचा नाही. सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरचं बोलणं कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्रॅम, नेटवर कुणीतरी फुकट ठेवलेला, पण तो दर मशीनवर हाताने कमांड मारून बसवावा लागे. आमचे कॉम्प्युटरचे आलोक सर म्हणाले, "मंजुश्री, याचं पॅकेज बांध. मग कुठल्याही शाळेत एका क्लिकवर बसेल."

मी दहावीत आहे आणि मला ते येतं! दिवाळीपर्यंत येत नव्हतं, आता येतं. पॅकेज म्हणजे ड्रायव्हर नुसता डब्यात कोंबणं नाही. त्याला सोबत काय काय लागतं ते लिहायचं, फाइली कुठं ठेवायच्या ते सांगायचं, आणि बसवून झाल्यावर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, द्यायची.

त्या स्क्रिप्टमध्ये मी माझी अक्कल चालवली. ड्रायव्हर बसला की भोंगा वाजणार आणि स्क्रीनवर येणार, 'आवाज आला का? हो लिहा.' हो लिहिलं की भोंगा बंद. तेव्हा भोंगा टेबलावरच होता, तोंडात फडकं कोंबलेला. चिरकला न चिरकला तोच मी 'हो' लिहिलं. सर म्हणाले, "लई भारी!"

मग भोंगा गच्चीवर गेला आणि मी पॅकेजची नवी आवृत्ती नेटवर टाकली. शाळेचं मशीन नव्या आवृत्त्या आपोआप उतरवून बसवतं, हे मला माहीत होतं. तेव्हा त्याच्यासमोर कुणी बसलेलं नसतं, हे डोक्यातच आलं नाही.

गणिताच्या तासाला भोंगा वाजला. खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. माझा भोंगा! सगळ्यांबरोबर मैदानात पळाले. नळाखाली बादली भरलेली होती. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. आणि भोंगा थांबेना.

आत मशीन विचारत बसलं होतं, आवाज आला का, आणि हो लिहायला कुणी नव्हतं.

मी मागे फिरून आत पळाले. "अगं ए, मरायचंय का?" गणिताच्या बाई ओरडल्या. घाईत 'हो' दोनदा चुकला. मग एकदम शांत.

बाहेर आले तर खिचडी शिजवणाऱ्या धोंडाबाई मावशी मैदानाच्या मधोमध बसलेल्या, पहिलीतली दोन पोरं छातीशी आवळून. त्र्याण्णवला त्या घराखाली गाडल्या गेल्या होत्या. त्या जिवंत निघाल्या, त्यांची लेकरं नाहीत. "मावशी, सोडा ना," पोरं रडत होती. हात सुटत नव्हते.

मी सरांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मॉक ड्रिल होती म्हणू. तुझं नाव कशाला?"

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण म्हटलं, "सर, पुढच्या बारीला खरंच वाजला तर? ड्रिल असंल म्हणून सगळे वर्गातच बसतील."



मी मुख्याध्यापिकाबाईंकडून माइक घेतला. "भूकंप नव्हता. ड्रिलपण नव्हती. मी बांधलेलं पॅकेज चुकलं."

"लई हुशार निघाली गं बिराजदाराची पोर!" मागून कुणीतरी म्हणालं. काहीजण हसले. मावशी हसल्या नाहीत.

स्क्रिप्टमधली चाचणी काढून मी पॅकेज पुन्हा बांधलं. बसवणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"माझ्यासमोर कर."

धोंडाबाई मावशी. एक पाय खोलीत, एक बाहेर. मी एंटर दाबलं. भोंगा गप्प.

"बघा मावशी, वाजला न्हाई!"

"मंग ते नीट हाय का बिघडलंय, मला कसं कळावं?"

"भोंगा वाजला की तुम्ही पळायचं. दर बारीला."

"पळीन की. तुझं चुकलं तरी पळीन. पण हलल्यावर वाजलाच न्हाई, तर गं?"

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मावशी बाहेरच्या पायावर वळल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि खिचडीची जड शेगडी ओढत मैदानाकडे, उघड्या आभाळाखाली, आणू लागल्या.

मी जाऊन दुसरी बाजू धरली.